आत्याने सांगितलेलं इंग्लंड

मार्गशीर्ष सरत आला की पुण्याच्या मंडईत हरभऱ्याचे ढाळे दिसायला लागतात. ओल्या फडक्याखाली झाकलेली हिरवी जुडी. मी ती हातात घेते आणि आधी पाल्याला बोट लावून ते जिभेवर टेकवते. हरभऱ्याच्या पाल्यावर पहाटे जी आंबट ओल धरते ती मंडईत पोचेपर्यंत बरीचशी उडून गेलेली असते, पण शोधली तर सापडते. भाजीवाली बघत राहते. पन्नाशीकडं झुकलेली बाई भर बाजारात बोट चाटते म्हणजे काय, असं तिला वाटत असणार. तिला काय सांगू? येळवस जवळ आली, एवढंच.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. लातूर, धाराशिव आणि आमच्या अंबाजोगाईच्या पट्ट्याबाहेर हा सण कुणाला फारसा ठाऊक नाही. त्या दिवशी गावं ओस पडतात आणि रानं भरतात. ज्वारी कमरेच्या वर गेलेली, करडई काट्यावर आलेली, हरभरा घाट्यांनी लगडलेला. अशा उभ्या पिकात कडब्याची कोप करायची, म्हणजे खोपी. तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, त्यांना नैवेद्य दाखवायचा. मग भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे आणि मडक्यातली थंडगार आंबील. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. शेतातल्या झाडून साऱ्या शेंगा, दाणे आणि पालेभाज्या एका पातेल्यात घालून ताकाबेसनात रटरटवलेली ती भाजी. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाका मारून जेवायला बसवायचं. त्या दिवशी कुणी कुणाच्या शेतात परका नसतो.

पण माझं एक विचित्र आहे. ढाळ्याची आंबट चव जिभेवर आली की मला आमच्या गावची, घाटनांदूरची काळी रानं आठवतात, आणि त्यांच्याबरोबर इंग्लंडही आठवतं. मी कधीच न पाहिलेलं इंग्लंड. रिमझिम पावसातलं, ओल्या दगडी बांधांचं, मेंढरांनी पांढऱ्या झालेल्या टेकड्यांचं.

त्या वर्षी मी पाचवीत होते. गावात नवं नवं काहीतरी येण्याचे ते दिवस होते. आमच्या किराणा दुकानात शांपूच्या पुड्यांच्या माळा तोरणासारख्या लोंबायला लागल्या होत्या. स्टँडसमोर पिवळ्या पाटीचा फोन बूथ झाला होता. आणि केबलवाल्यानं लिंबाच्या फांदीवरून, विजेच्या खांबावरून, कुणाच्या पत्र्यावरून काळी वायर ओढत ओढत आमच्या घरात आणली होती. दुकान पुढं, घर मागं, मध्ये एक पडदा. पडद्याच्या पुढं अप्पा, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून तराजूशी बसलेले. पडद्याच्या मागं टीव्ही, आणि त्याच्यासमोर मी आणि शेजारच्या अत्तारांची रेश्मा. रेश्मा माझ्याच वर्गात होती.

संध्याकाळी पाचला एका इंग्रजी चॅनेलवर लहान मुलांची मालिका लागायची. शहरातून खेड्यात राहायला आलेली बहीण-भाऊ, आणि त्यांच्या शेजारी राहणारी एक म्हातारी. गोष्ट काय आहे ते आम्हाला कळत नव्हतं. शाळेत इंग्रजी नुकतंच सुरू झालं होतं आणि चेंडू, मांजर, केळं यांच्यापलीकडं आमची गाडी गेली नव्हती. पण ते हिरवंपण! आमच्याकडं हिरवं म्हणजे चार महिन्यांचं पाहुणं. तिथं मात्र भिंतीवर हिरवं, छपरावर हिरवं, दगडावर हिरवं. डोंगराच्या अंगावर चुन्यानं काढल्यासारखा भला मोठा पांढरा घोडा. आणि झुडपांच्या लांबच लांब कुंपणात काहीतरी सळसळायचं, तेव्हा ती म्हातारी ओठांवर बोट ठेवून मुलांना काहीतरी सांगायची.

"ये बुढ्ढी क्या बोली गे?" रेश्मानं एकदा मला विचारलं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "ती म्हनली, त्या झुडपाला हात लावू नका. तिथं राहतेत ती."

आम्ही वळून पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात सुमनआत्या उभी होती, हातात सूप घेऊन.

सुमनआत्या ही अप्पांची धाकटी बहीण. तेलगावला दिलेली. दिवाळीत भाऊबिजेला आली, आणि तिला न्यायला कुणी आलंच नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मूलबाळ नव्हतं, म्हणून तिच्या नवऱ्यानं दुसरी बायको केली होती. हे आम्हा पोरींना कुणी सांगितलं नव्हतं. मोठी माणसं आवाज खाली करून बोलायला लागली की मुलांना सगळं नीट ऐकू येतं. एके काळी आत्या आली की आम्हाला गुदगुल्या करून हैराण करायची. ती आता दिवसभर स्वयंपाकघरात बसून धान्य निवडत असे. हो आणि न्हाई, याच्यापुढं तिसरा शब्द नाही. बाहेरचं कुणी आलं की ती उठून परसात जायची. त्यामुळं ती दारात उभी राहून एवढं लांब वाक्य बोलली, याचंच मला नवल वाटलं.

"कोण राहतेत आत्या?"

"बारकी मान्सं. ईतभर उंचीची. तुमाला दिसायची न्हाईत. तिला दिसतेत."

"तुला इंग्रजी येतं?"

"इंग्रजी कशाला लागतंय?" आत्या म्हणाली. "तिच्या तोंडाकडं बघ की."

दुसऱ्या दिवशी ती दारातून आत आली. तिसऱ्या दिवशी आमच्या शेजारी चटईवर बसली. आणि मग पाच वाजले की सूप बाजूला ठेवून ती सगळं इंग्लंड आम्हाला उलगडून सांगायला लागली. बहिणीचं नाव काहीतरी एमली-बिमली होतं, तिची विमल झाली. भावाचा टाम्या झाला. म्हातारीला तिनं नाव दिलं धुरपामाय. आणि त्या गावाला आम्ही म्हणायचो तिकडलं घाटनांदूर.

धुरपामायच्या गावात ओढ्यात एक हिरव्या केसांची बाई राहायची आणि काठावर खेळणाऱ्या पोरांना आत ओढायची. "आसरा हाय ती," आत्या म्हणायची. "आपल्या बारवेत हाय तसलीच. तिकडली जरा गोरी हाय, इतकंच." त्यानंतर कितीतरी दिवस रेश्मा बारवेवरून जाताना माझा हात घट्ट धरायची. तिकडच्या देवळाच्या खांबावर एक तोंड कोरलेलं होतं, दाढीमिशांच्या जागी सगळी पानंच पानं. तो त्यांचा म्हसोबा. थंडीत गावकरी फळझाडांपाशी जमून गाणी म्हणायचे आणि फांदीला भाकरीचा तुकडा अडकवायचे. "झाडाला जेवू घालतेत," आत्या म्हणाली. मग म्हणाली, "चांगली मान्सं हायेत."

सुगीचा एक भाग मला लख्ख आठवतो. कापणी होत आलेली, रानात शेवटची पेंढी उभी, आणि ती कापायला कुणी पुढं होत नाही. आत्या कुजबुजत सांगत होती. "पिकाचा जीव कोयत्याच्या पुढं पुढं पळत असतो. पळत पळत तो शेवटच्या पेंढीत जाऊन दडलाय. आता ही कापली तर तो कुठं जाईल?" मग तिकडल्या बायांनी त्या पेंढीच्या काड्यांची एक बाहुली विणली आणि घरात भिंतीवर टांगली. पुढच्या पेरणीपर्यंत. "तोवर त्या जिवाला घर पाहिजे का न्हाई?" आत्या म्हणाली, आणि पदरानं तोंड पुसत उठून आत गेली. आम्हाला वाटलं तिला ठसका लागला.

आता हे सगळं खरं किती होतं? दोनेक वर्षांपूर्वी एका दुपारी मला मोबाइलवर त्या मालिकेचे काही भाग सापडले. मी श्वास रोखून बघायला लागले. काड्यांच्या बाहुलीचं आत्याचं अगदी बरोबर निघालं, जवळजवळ शब्दाला शब्द. बाकी मात्र आनंद होता. झुडपापाशी ओठांवर बोट ठेवून ती म्हातारी म्हणत होती की हळू बोला, पलीकडं शेजारी आहे, त्याला आपण त्याची फळं तोडलेली कळता कामा नये. बारकी माणसं त्या भागात कुठंच नव्हती. मुळात ती म्हातारी कटकटी होती. सगळ्यांशी भांडणारी, हसण्यासाठी घातलेली. आणि पानापानांच्या दाढीवाल्याला तर कुणी भीतही नव्हतं.

मी तो भाग आत्याला पाठवला. थोड्या वेळानं तिचा फोन आला. "ही न्हाई ती," ती ठामपणे म्हणाली. "ही कुनी दुसरीच हाय. आपली धुरपामाय लई येगळी होती." आणि वाद घालावा असं मलाही वाटलं नाही. कारण मलाही तसंच वाटत होतं.

त्या हिवाळ्यात वीज हवी तेव्हा जायची. एका संध्याकाळी बरोबर पाचला दिवे गेले. टाम्या आदल्या दिवशी धुक्यात हरवला होता, आणि आता तो सापडला की नाही हे कळायला मार्ग नाही. रेश्मा रडकुंडीला आली. आत्या म्हणाली, "रडतीस कावून? मला ठावं हाय काय झालं ते." आणि अंधारत चाललेल्या खोलीत, बंद टीव्हीकडं बघत तिनं सांगायला सुरुवात केली. धुकं कसं दाट होतं, मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा कशा चहूकडून वाजत होत्या, धुरपामाय कंदील घेऊन कशी निघाली. ती चढावर थांबली, आणि आत्याही थांबली. श्वास घ्यायला.

"मग पुढं काय झालं गं सुमे?"

आवाज पडद्याच्या पलीकडून आला होता. अप्पांचा. अप्पांनी टीव्हीकडं कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. मी पडदा सारून पाहिलं, तर मेणबत्तीच्या उजेडात ते साखरेचं माप हातात धरून बसले होते आणि समोरचं गिऱ्हाईकही पिशवी उघडी धरून तसंच उभं होतं. आत्या आधी लाजली. मग तिनं आवाज थोडा चढवला, पडद्यापलीकडं पोचेल इतका, आणि टाम्याला शोधून घरी आणलं.

त्यानंतर काही दिवसांनी ते चॅनेलच नाहीसं झालं. त्याच्या जागी सिनेमाची गाणी लागायला लागली. मी केबलवाल्याला गाठून विचारलं तर तो म्हणाला, "इंग्रजी कोन बघतंय गं बाई? लोकायला गाने पायजेत."

आम्ही दोघी तोंड पाडून बसलो होतो. आत्या ज्वारीचं पीठ चाळत होती. म्हणाली, "डबा बंद पडला म्हनून धुरपामाय थोडीच मेली?"

आणि खरंच मेली नाही. उलट आता तिच्यात जास्त जीव आला. टीव्ही होता तेव्हा आत्याला चित्राच्या मागं मागं जावं लागायचं, आता चित्र तिच्या मागून यायला लागलं. गल्लीतली आणखी पोरं यायला लागली. जागा पुरेना, तेव्हा दुकानाशेजारच्या ओट्यावर बैठक हलली. परसात लपणारी आत्या रस्त्यावरच्या ओट्यावर बसली, आणि ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही, तिच्यासुद्धा. हळूहळू तिकडल्या घाटनांदुरात करडईचे काटे उगवले. मेंढरांमागं घोंगडीवाले धनगर आले. रेश्माच्या हट्टापायी एक अत्तर विकणारा फिरस्ताही आला. पाऊस मात्र तिकडचाच राहिला, कायमचा, बारीक. तो आत्यानं कधी थांबू दिला नाही.

आई एकदा भाकरी थापता थापता अप्पांना म्हणाली, "सुमनताई जेवायला लागल्यात आता नीट." अप्पा नुसतं हूं म्हणाले.

येळवस आठ-दहा दिवसांवर आली आणि तेलगावहून निरोप आला. आत्याच्या थोरल्या दिराचा. येळवसला आम्ही येतो, सुमनला घेऊन जातो. कापूस फुटलाय, वेचायला घरचं माणूस नाही. झालं गेलं विसरून जावं, दोघी बहिणींसारख्या राहतील.

अप्पांनी निरोप आणणाऱ्याला चहा पाजून तसंच परत पाठवलं. आईनं ट्रंकेतून कोरं लुगडं काढून ठेवलं. लेक सासरी जाताना द्यायचं असतं तसं. ते तिनं आत्याला दाखवलं नाही, आणि आत्यानं ते पाहिलं नाही असंही झालं नाही. घरात सगळे एकमेकांच्या नजरा चुकवून वावरत होते. आज मला त्या दोघांचा राग येत नाही. लेक माहेरी किती दिवस ठेवायची, लोकांना काय सांगायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आत्याचं भलं कशात आहे हे त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

त्या संध्याकाळी ओट्यावर धुरपामायच्या दारात काळ्या कोटातला एक माणूस आला. म्हणाला, चल, हे घर सोड, तुला न्यायला आलोय. आणि आत्यानं गोष्ट तिथंच थांबवली.

"मग? मग काय झालं?" पोरं ओरडली.

"येळवसला सांगते," आत्या म्हणाली.

येळवसला सकाळी आम्ही बैलगाडीनं शेतावर गेलो. रेश्माला मी हट्टानं बरोबर घेतलं. ऊन कोवळं होतं आणि ज्वारीच्या पानांवरून दव खाली ओघळत होतं. आई नि आत्या गाडीमागून चालत होत्या. आईच्या डोक्यावर भज्जीचं पातेलं, आत्याच्या डोक्यावर आंबिलीचं मडकं. अप्पांनी पूजा केली, पिकावर आंबील शिंपडली. तेवढ्यात बांधावर मोटारसायकलचा आवाज आला.

दोघं आले होते. पुढं थोरला दीर, मोठ्या पागोट्याचा, बोलका. मागं आत्याचा नवरा, म्हणजे आमचे मामा. मामा मला पूर्वी आवडायचे, यायचे तेव्हा पेपरमिंट आणायचे. त्या दिवशी ते कुणाकडं न बघता कोपीच्या सावलीला टेकले आणि ढेकूळ बोटांनी चुरत बसले. पाहुण्यांना वाढलं गेलं. थोरल्या दिरानं भज्जीची तारीफ केली, यंदाच्या कापसाचं सांगितलं, नव्या बियाण्याचं सांगितलं. आत्या उंडे वाढत होती. तिनं खाली मान घातलेली नव्हती, हे मी पाहिलं.

रेश्माला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "आत्या, येळवस आ गई. अब बोलो ना, वो काले कोटवाला आया, फिर क्या हुआ?"

आईनं तिला दटावलं. थोरला दीर मात्र हसला. "सांगा की, सांगा. आमी बी ऐकतो."

आत्यानं उंड्यांची टोपली खाली ठेवली. उभ्या उभ्याच म्हणाली, "काय व्हायचंय? धुरपामायनं त्याला घरात बोलावलं. बसायला दिलं, जेवायला वाढलं. त्याचं पोट भरलं. मग ती म्हनली, बाबा, तू लांबून आलास, जेवलास, बरं वाटलं. आता जा. मी येत न्हाई."

"बस? इतनाच?" रेश्मा म्हणाली.

"इतकंच," आत्या म्हणाली. आणि तिनं मान वळवून दिराकडं पाहिलं. "भाऊजी, कापूस येचायला मजूर लावा. मी येत न्हाई."

ज्वारीत पाखरं किलबिलत होती. थोरल्या दिराच्या हातातला घास तसाच राहिला. तो आत्याला सोडून अप्पांकडं वळला. "अप्पा, तुमचं काय म्हननं हाय?"

अप्पा उंडा कुस्करत होते. कुस्करतच राहिले. मला वाटलं आता ते म्हणतील की ती लहान आहे, आम्ही समजावतो, पोचवतो. अप्पा असंच बोलायचे, दुकानात, गावात, सगळ्यांशी जुळवून घेऊन. त्यांनी भज्जीचा हात ताटाच्या कडेला पुसला.

"तिनं सांगितलं की," ते म्हणाले. मग आईकडं वळून, "पाव्हन्यायला आंबील वाढ."

आईनं आंबील वाढली. थोडी सांडली. थोरला दीर पुटपुटत उठला, बांधाकडं चालायला लागला. मामा मात्र बसून राहिले. पेला दोन्ही हातांत धरून त्यांनी सगळी आंबील पिऊन संपवली, आणि त्या दिवसातलं त्यांचं एकच वाक्य बोलले. "चांगली झालीय." कुणाला म्हणाले, कळलं नाही. मग भावानं मोटारसायकल सुरू केली आणि ते जाऊन मागं बसले. आता मला वाटतं, तो माणूस आयुष्यभर कुणाच्या तरी मागंच बसला असेल.

पुढं गावात बोलणारे बोलले, अप्पांनी ऐकून घेतलं. वर्षभरानं गावात अंगणवाडीची जागा निघाली. आत्या सातवी शिकलेली होती, तिला ती मिळाली. गावातल्या पोरांच्या दोन पिढ्या तिच्यासमोर बसून मोठ्या झाल्या. त्यांच्यातली कितीतरी आजही समजतात की हिरव्या केसांची गोरी आसरा आपल्याच बारवेतली आहे.

पण ते सगळं नंतर. त्या दुपारी पाहुणे गेले, आणि आई कोपीच्या मागं जाऊन रडून आली. अप्पा उगाचच पिकात फिरून आले. आत्यानं पानं आवरली, भांडी पालथी घातली, हात धुतले. मग ती कोपीत शिरली, कडब्याच्या गार सावलीत हाताची उशी करून आडवी झाली, आणि बघता बघता झोपली. अशी झोपली की तिच्या तोंडावर माशी बसली तरी ती हलली नाही. आईनं आम्हाला खूण करून गप्प केलं. दुकान उघडायची वेळ झाली, अप्पा उठले नाहीत. ऊन कलंडलं. शेजारच्या रानांत कडब्याच्या पेंढ्या पेटल्या. दिवस मावळताना ती पेटती पेंढी घेऊन पिकाभोवती फिरायचं असतं, तिला हेंडगा म्हणतात. लांब लांब उजेडाचे ठिपके हिंडायला लागले, आरोळ्या ऐकू यायला लागल्या. अप्पांच्या हातात पेंढी होती, काडेपेटी होती. त्यांनी एकदा कोपीत डोकावून पाहिलं आणि काडेपेटी परत खिशात टाकली. आईनं गाडीतली वाकळ काढून हळूच आत्याच्या अंगावर घातली. गार वारं सुटलं होतं. आम्ही सगळे बाहेर हरभऱ्याच्या कडेला एकमेकांना चिकटून बसलो आणि ती आपणहून जागी होण्याची वाट बघत राहिलो.